कागदावर न आलेली हुशारी

बहिणाबाई चौधरींचा जन्म नागपंचमीचा. १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. श्रावणात खानदेशात त्यांची आठवण निघते ती दोन कारणांनी. एक ही जयंती, आणि दुसरे त्यांच्या नावाचे आपले विद्यापीठ. त्याची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची, आणि २०१८ पासून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रत्येक पदवीवर अशा एका बाईचे नाव छापलेले असते जिला लिहिता-वाचता येत नव्हते. ही विसंगती दरवर्षी भाषणांत उगाळली जाते. तिच्यातली एक बाजू मात्र कमी सांगितली जाते. बहिणाबाई घरात, शेतात काम करता करता गात होत्या. ते ऐकून कागदावर उतरवून ठेवले ते मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. घरातल्या दोन पोरांना वही काढायची बुद्धी झाली नसती तर ती गाणी शिवाराबाहेर गेली नसती, आणि विद्यापीठाला दुसरे कुणाचे तरी नाव शोधावे लागले असते.

हे आज आठवण्याचे कारण वाङ्मयीन नाही. याच दिवसांत बारावीच्या वर्गात बसलेल्या काही मुलामुलींचे एक वेगळे वेळापत्रक सुरू होते, आणि त्याची खबर आपल्याकडच्या बहुतेक शाळांना नसते. देशातल्या आणि परदेशातल्या ज्या महाविद्यालयांत जागा थोड्या आणि मागणारे फार, त्यांतली काही मुलांना नुसते गुण विचारत नाहीत. ती विचारतात, तू कोण आहेस, दहावी-बारावीच्या वर्षांत वर्गाबाहेर काय केलेस, आणि तुला ओळखणारा एखादा शिक्षक तुझ्याबद्दल काय लिहितो. या तीन प्रश्नांपुढे खानदेशातला हुशार पोर गडबडतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण त्यातले काहीही कुठे लिहिलेले नसते.

आपल्याकडे ‘अर्ज’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो सीईटी सेलचा. पर्सेंटाइल भरा, प्रवर्ग भरा, कॅप राउंडला पसंतीक्रम द्या, यादीची वाट पाहा. नीट आणि जेईईची तऱ्हा हीच. या पद्धतीत एक सचोटी आहे हे मान्य केले पाहिजे. धुळ्याच्या हमालाच्या मुलीला आणि पुण्याच्या डॉक्टरच्या मुलाला प्रश्नपत्रिका एकच मिळते आणि उत्तर तपासणारे यंत्र आडनाव पाहत नाही. त्यामुळे माणूस वाचून प्रवेश देतात असे कुणी सांगितले की आपल्या पालकाच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘वशिला’. हा संशय अनुभवातून आलेला आहे, त्याला हसण्यात अर्थ नाही.

पण अशा संस्था आता दूरच्या राहिलेल्या नाहीत. मुळशीच्या डोंगरावर १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा आहे. दहावीनंतरची दोन वर्षे तिथे जगभरची मुले एकत्र शिकतात, निवड अर्ज आणि मुलाखतीवर होते आणि घरची ऐपत पाहून शिष्यवृत्ती मिळते. सोनिपतचे अशोका विद्यापीठ, पुण्याचे फ्लेम, बंगळुरू आणि भोपाळला असलेले अझीम प्रेमजी विद्यापीठ यांच्या निवडीत परीक्षेबरोबर मुलाखत आहे, कुठे निबंधही आहे. अशोका आणि अझीम प्रेमजी या दोन्ही ठिकाणी गरजेनुसार फी माफ होण्याची सोय आहे. परदेशाचे म्हणाल तर अमेरिकेतल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याचा विचार करतानाही त्याला पैशांची मदत लागेल का, हे निवडीत धरत नाहीत, आणि निवड झाली तर जेवढे कमी पडेल तेवढे देतात. रावेरच्या अल्पभूधारकाच्या पोरीला मुंबईच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी पेलणार नाही, आणि यांतली एखादी जागा फुकट पडेल, असेही होऊ शकते. होते फार क्वचित. या जागांसाठी जगभरातून झुंबड असते आणि खोटी आशा दाखवणे हे आमचे काम नाही. पण न मागताच नाही म्हणून घेणे हे त्याहून वाईट.

आता या वाटेची कुणकुण जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गाला लागली आहे, आणि जिथे कुणकुण तिथे दुकान. ‘प्रोफाइल बिल्डिंग’ नावाचा एक माल पुण्या-मुंबईहून इकडे येऊ लागला आहे. पैसे भरून दोन आठवड्यांची ऑनलाइन ‘इंटर्नशिप’, पैसे भरून शोधनिबंधावर नाव, एखाद्या वस्तीत वह्यावाटप आणि त्याचे फोटो, अकरावीतच ‘संस्थापक’ हे पद. तालुक्याच्या गावात हा प्रकार थोड्या स्वस्तात मिळतो: वक्तृत्वापासून योगासनांपर्यंतच्या ऑनलाइन स्पर्धा, ज्यांत भाग घेतलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र येते. घरात फाइल जाडजूड होते आणि पालकाला वाटते, पोराची तयारी झाली. रोज शेकडो अर्ज वाचणाऱ्या माणसाला असली फाइल ओळखायला किती वेळ लागत असेल? शिवाय हा रस्ता कुठवर जातो ते अमेरिकेने २०१९ साली पाहिले. तिथे एका सल्लागाराने श्रीमंतांच्या मुलांना कधीही न खेळलेल्या खेळांचे खेळाडू दाखवून नामांकित विद्यापीठांत घुसवले होते. प्रकरण उघडे पडल्यावर नट्या आणि उद्योगपती तुरुंगात जाऊन आले.

तेव्हा या पद्धतीला सोवळे मानायचे कारण नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की सारखेच परीक्षागुण असलेल्या मुलांत, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतला मुलगा मध्यमवर्गीय मुलापेक्षा दुपटीहून अधिक वेळा तिथल्या अव्वल विद्यापीठांत पोहोचतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांना मिळणारे वजन, ही त्यामागची कारणे त्यांनी दिली. म्हणजे ज्या ‘अभ्यासेतर’ रकान्यांची आपण चर्चा करतो आहोत, ते रकाने श्रीमंतांना धार्जिणे आहेत. हे माहीत असूनही आमचे म्हणणे असे की खानदेशच्या पोराने तो रकाना कोरा सोडू नये. कारण त्या रकान्यात काय लिहिता येते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

अमेरिकेतल्या शेकडो महाविद्यालयांसाठी एकच सामायिक अर्ज चालतो. त्यात दहापर्यंत उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जागा असते जेमतेम दीडशे अक्षरांची. उपक्रमांचे जे प्रकार तिथे छापलेले आहेत, त्यांत वादविवाद, संगीत, खेळ यांच्याच रांगेत दोन नोंदी आहेत: पगारी काम आणि कुटुंबातील जबाबदाऱ्या. धाकट्या भावंडांना सांभाळणे, आजारी आजीला दवाखान्यात नेणे, दुकानाच्या गल्ल्यावर बसणे, रानात राबणे, हे सारे तिथे अधिकृतपणे मोजले जाते. २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र शाखेतून निघालेल्या एका अहवालानेही महाविद्यालयांना बजावले होते की घर चालवायला हातभार लावणाऱ्या मुलाचे काम परदेश दौऱ्यातल्या समाजसेवेपेक्षा कमी धरू नका.

हे वाचून रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला एखादा अकरावीचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. मृगबाग कधी लावायची आणि कांदेबाग कधी, पिलबाग ठेवायची की उपटायची, हे तो बापाबरोबर ठरवतो. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव रोज मोबाइलवर पाहतो. व्यापारी कटती, म्हणजे वजनातली कपात, किती लावतो आणि कशाची लावतो, यावर त्याचे बापापेक्षा जास्त नेमके मत असते. कुकुंबर मोझॅकने बागेतली रोपे पिवळी पडली त्या वर्षी किती झाडे उपटावी लागली आणि ठिबकवाल्याचे किती देणे राहिले, हे त्याला तोंडपाठ आहे. अर्थशास्त्र, वनस्पतिरोग आणि व्यापारातली लबाडी या तिन्ही विषयांत त्याची सुरुवात झालेली आहे. आणि त्याला अर्ज भरायला बसवले की तो लिहितो: छंद, वाचन, क्रिकेट व संगीत ऐकणे.

तीच गत साक्री तालुक्यातल्या मुलीची. पांझरेच्या बंधाऱ्यांवर जिथे जुनी फड पद्धत तग धरून आहे, तिथे पाणी कोणत्या फडाला कधी, या हंगामात सगळ्यांनी मिळून कुठले पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळी चुकवली तर काय, हे तिने जेवताना ऐकलेले असते. शतकानुशतके लोकांनी स्वतः चालवलेली ही पाणीवाटपाची रीत पाहायला बाहेरून संशोधक येतात. शिरपूरकडच्या पावरा घरातला मुलगा सरकारी दवाखान्यात डॉक्टरची मराठी आणि आजीची पावरी यांच्या मधे उभा राहतो. दुभाषा म्हणून त्याला कुणी नेमलेले नसते, पैसे तर नसतातच. पावरी, भिली, तडवी, अहिराणी, लेवा गणबोली, मराठी, हिंदी आणि पाठ्यपुस्तकी इंग्रजी यांतल्या चार-चार भाषांत वावरणाऱ्या या मुलांना आपण मात्र एकच गोष्ट सांगत आलो: तुझे इंग्रजी कच्चे आहे.

अर्ज कसा लिहावा, याचा मराठी माणसाजवळचा नमुना बराच जुना आहे. १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपले शिक्षण त्यांच्या प्रवेशाच्या अटींना पूर्ण उतरेल असे नाही, याची जाणीव त्यांनी त्या पत्रात लपवली नाही. उलट सवलत मागितली. मग कारण सांगितले. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे. आणि आपल्या निश्चयाचा पुरावा म्हणून एवढेच पुढे केले की आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध सोसून मी इथवर आले आहे. पत्रात प्रमाणपत्र एकही नव्हते. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. आजच्या भाषेत ज्याला निवेदन म्हणतात त्यात जे असावे लागते ते सारे त्या पत्रात आहे: उणीव उघड, कारण खरे, आणि केलेल्या कामाचा आधार. विशेषणांची गर्दी कुठेच नाही.

ब्रिटनने तर हेच आता छापील प्रश्नांत मांडले आहे. २०२६ च्या प्रवेशांपासून तिथल्या सामायिक अर्जात मोकळ्या निबंधाऐवजी तीन प्रश्न येतात. हाच विषय का, आजवरच्या अभ्यासाने त्याची काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर त्यासाठी काय केलेस. तिन्ही मिळून चार हजार अक्षरांची जागा. यातला तिसरा प्रश्न आमच्या मते खानदेशला सर्वांत अनुकूल आहे, फक्त त्यासाठी नववी-दहावीपासून एखादी गोष्ट धरून ठेवावी लागते. दहा गोष्टी नकोत. एकच, पण दोन-तीन वर्षे.

आणि धरण्यासारखे इथे काय कमी आहे? चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या देणग्या त्यात नोंदल्या आहेत, डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. म्हणजे गणिताचे उच्च शिक्षण आणि त्याची शिष्यवृत्ती, दोन्ही आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी होते. गणितात गती असलेल्या चाळीसगावच्या किती मुलांनी त्या लेखातली कालगणना स्वतः करून पाहिली असेल? त्याच गावात केकी मूस यांनी टेबलावर वस्तू मांडून छायाचित्रणाचे एक जग उभे केले आणि ते घर आजही पाहता येते. धुळ्यात वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला गेले आणि दहाव्या दिवशी, ९ जानेवारी १९२७ ला, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. तिथले जुने कागद मोडीत आहेत आणि मोडी शिकायला हुशार मुलाला एक उन्हाळा पुरतो. शंकरराव देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते त्याच शहरात, समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. जळगावला गांधीतीर्थ आहे. यांतल्या कुठल्याही ठिकाणी वर्षभर दर रविवारी जाऊन बसलेला, काहीतरी नकलून घेतलेला, चुकलेला आणि पुन्हा वाचलेला विद्यार्थी मुलाखतीला गेला तर त्याला विचारणारे थकतील. या संस्थांनाही वाचक हवेच आहेत. दोघांची गाठ कुणी घालून द्यायची, एवढाच प्रश्न आहे, आणि तो शिक्षकापाशी येऊन थांबतो.

इथे थोडे कडवट लिहिणे भाग आहे. आपल्या शाळा मुलाबद्दल कायमचे म्हणून जे लिहून देतात ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. त्यात दोन रकाने: अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. पहिल्यात ‘समाधानकारक’, दुसऱ्यात ‘चांगली’. शेकडो मुलांची दहा-बारा वर्षे या दोन शब्दांत आटोपतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी अशी चांगली अपेक्षा होती. झाले काय? तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग त्यांच्या पीडीएफ गटागटांतून फिरल्या, आणि ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य जिल्ह्यातल्या निम्म्या मुलांच्या वाट्याला आले. निवडणुकीच्या याद्यांपासून पोषण आहाराच्या हिशेबापर्यंत शंभर कागद भरणाऱ्या गुरुजींना एकट्यालाच दोष देणे अन्यायाचे होईल. पण परिणाम तोच. महाविद्यालय शिफारसपत्र मागते आणि शाळा चारित्र्याचा दाखला देते: सदर विद्यार्थी आमच्या शाळेचा असून तो प्रामाणिक व कष्टाळू आहे. खाली सही आणि गोल शिक्का.

चांगले शिफारसपत्र विशेषणांनी होत नाही, प्रसंगाने होते. अमुक मुलीने प्रकाशाच्या धड्यात पुस्तकातली आकृती चुकलेली आहे असे उभे राहून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आरसा आणून दाखवले, हे एक वाक्य ‘अत्यंत हुशार’ या शब्दांपेक्षा भारी. असे वाक्य लिहायला शिक्षकाने मुलीला पाहिलेले असावे लागते. आणि इथे गोष्ट आणखी बिघडली आहे. अकरावी-बारावीला ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली मुलाचे नाव एका गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात असते आणि मूल दोन वर्षे दुसऱ्याच शहरातल्या क्लासच्या बाकावर. हजेरीपटावर तो रोज हजर, प्राचार्यांनी मात्र त्याचे तोंड प्रवेशाच्या दिवशी आणि हॉलतिकिटाच्या दिवशी पाहिलेले. क्लासमध्ये तो रोल नंबर, महाविद्यालयात तो फी-पावती. अशा मुलाला ओळखणारा एकही प्रौढ माणूस त्या दोन वर्षांत तयार होत नाही. गुणांच्या शर्यतीसाठी आपण ही किंमत मोजली, आणि ती मोजली हे कुणाला जाणवलेही नाही.

खानदेशची परंपरा तर याच्या नेमकी उलट होती. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने रोज एक ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढले. रोज सकाळी मुलांसाठी हाताने मजकूर लिहायचा तर आदल्या दिवशी मुले पाहिलेली असावी लागतात. आम्ही आजच्या शिक्षकाला साने गुरुजी व्हा असे सांगत नाही. तो उपदेश त्यांच्या वाट्याला पुरेसा येतो. वर्गातल्या चार-पाच मुलांपुरती एक शंभरपानी वही, महिन्याकाठी एकेक ओळ, एवढे मात्र मागता येईल. बारावीला पत्र लिहायची वेळ येईल तेव्हा ती वही कामाला येईल.

शिक्षकाच्या नजरेने काय होते याचे उदाहरण जवळच आहे. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल वस्तीत राजेंद्र भारूड वाढले. वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवणारी. गावच्या शाळेतल्या शिक्षकांना मुलात काही दिसले, मुलगा नवोदय विद्यालयात गेला, तिथून मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात, आणि तिथून भारतीय प्रशासन सेवेत. करोनाच्या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून प्राणवायूची सोय आधीच करून ठेवल्याबद्दल देशाने त्यांचे नाव ऐकले. त्यांचा सगळा प्रवास परीक्षांच्या वाटेने झाला, निबंधांच्या नव्हे. पण पहिली ढकल परीक्षेची नव्हती. शेजारच्या बुलढाण्यात, लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेच्या राजू केंद्रे यांनी पुढची पायरी गाठली आहे. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना देशातल्या नामवंत विद्यापीठांत पोहोचवण्यासाठी त्यांनी एकलव्य ही संस्था उभी केली, आणि ते स्वतः चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकून आले. निवेदन कसे लिहायचे, मुलाखतीत काय बोलायचे हे विदर्भातल्या मुलांना तिथे शिकवले जाते. जळगावातही दीपस्तंभसारख्या संस्थेने स्पर्धा परीक्षांसाठी मोठे काम केले आहे. त्याच जोमाचे काम या दुसऱ्या वाटेसाठी इथे व्हायला हवे.

काही अडचणी तर अगदीच कारकुनी आहेत आणि त्यांतच मुले गळतात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आईचे नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम दुसरा, आधारवर स्पेलिंग तिसरे. उत्पन्न दाखवायला शेतकऱ्याकडे फॉर्म १६ नसतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नसते. तेव्हा तहसीलचा दाखला, सातबारा, सोसायटीचे कर्ज आणि पट्टीच्या पावत्या यांतून एका पानाचा हिशेब करून जोडावा लागतो आणि कापूस एका वर्षी गेला म्हणजे काय झाले ते दोन ओळींत समजावावे लागते. नववी आणि अकरावीचे निकालपत्रक घरात सापडत नाही, कारण त्याला आपण कधी महत्त्व दिले नाही. परदेशी अर्जात तर शाळेनेच स्वतःची माहिती द्यावी लागते: पट किती, माध्यम कोणते, गुण कसे देतात. ती मागणारा ईमेल शाळेच्या ज्या पत्त्यावर येतो त्याचा पासवर्ड बदली झालेल्या लिपिकाबरोबर गेलेला असतो.

इंग्रजीचे भय खरे आहे, पण ते निबंधापाशी चुकीच्या जागी खर्च होते. साडेसहाशे शब्दांचा मजकूर आधी घरच्या बोलीत कुणाला तरी बोलून सांगावा, मग मराठीत लिहावा, आणि शेवटी आपल्याला पेलेल एवढ्याच इंग्रजीत आणावा. आता मोबाइलवरचे यंत्र क्षणात गुळगुळीत निबंध काढून देते. त्या निबंधात केळीची बाग असते, पण कटती नसते; आजी असते, पण तिची बीपीची गोळी चुकलेला दिवस नसतो. सल्लागाराने लिहून दिलेल्या निबंधाचे तेच. आणि पुढे मुलाखत असते, तिथे यंत्र सोबत येत नाही.

यामुळे गुण दुय्यम ठरतात असा समज कुणी करून घेऊ नये. नव्वद टक्क्यांची गरज जिथे आहे तिथे सत्तर टक्क्यांवाल्याला बागेची गोष्ट वाचवत नाही. तसेच बाहेर गेलेलाच शहाणा असेही नाही. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकल्या, तिथे टेबल टेनिस गाजवले आणि राष्ट्रपती भवनात पोहोचल्या. वाट निवडायला मिळावी, एवढाच मुद्दा आहे. मुलींच्या बाबतीत ती सर्वांत आधी बंद होते. नाशिकपर्यंत ठीक, पुण्यापर्यंत मामा असेल तर ठीक, सोनिपत म्हटले की घरात बैठक बसते. अशा वेळी वसतिगृह कसे, फी किती माफ, पूर्वी कोण गेले, हे बापाशी बसून बोलणारे मुख्याध्यापक किंवा बाई असतील तर निम्मे काम होते. मुलीने एकटीने रडून होत नाही.

जिल्हा परिषदा, संस्थाचालक आणि विद्यापीठ यांनी ठरवले तर हे फार खर्चाचे काम नाही. प्रत्येक तालुक्यात एका शिक्षकाला याची माहिती द्यावी, शाळेच्या माहितीचे एक पान मराठी-इंग्रजीत तयार ठेवावे, आणि गेल्या दहा वर्षांत बाहेर शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींची यादी करून त्यांना वर्षातून एक रविवार मागावा. राज्याच्या बहुतेक परदेशी शिष्यवृत्ती योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, बारावीनंतर जाणाऱ्यासाठी काय करता येईल, हा प्रश्न आमदारांनी विधिमंडळात विचारण्यासारखा आहे.

तोवर यंदाच्या बारावीपुरते तरी कॅलेंडर पाहून घ्यावे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या वैद्यकीय शाखांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. अमेरिकेतल्या अनेक संस्थांची पहिली मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि मुख्य मुदत जानेवारीच्या पहिल्या दिवसांत असते. मधे आपली दिवाळी येते. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला कुलूप, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक गावी. ज्यांना सरांकडून पत्र हवे आहे त्यांनी ते घटस्थापनेच्या आधी मागावे, आणि मागताना आपण काय काय केले ते एका पानावर लिहून सरांच्या हातात द्यावे.